कौशल्य मंत्र्यांना खुले पत्र : मशिनिस्टच्या पोरांना माल कापू द्या

मा. मंत्रीमहोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आयटीआयतून मशिनिस्ट ट्रेड, म्हणजे मशीनवर धातू कापून सुटे भाग बनवायचं शिक्षण, करून जी पोरं आमच्याकडे येतात, त्यांच्याविषयी लिहितोय. पोरं हुशार आहेत. 2 वर्षं शिकलेली, संगणकावरच्या लेखी परीक्षेत चांगले मार्क पाडलेली. फक्त त्यांच्या हातून माल, म्हणजे लोखंड, फारसा कापलाच गेलेला नसतो.

शहराच्या पूर्व भागातला एखादा यंत्रमागवाला तुटका गिअर पिशवीत घालून आणतो. ड्रॉइंग वगैरे काही नाही, आणि संध्याकाळपर्यंत माग चालू झाला पाहिजे. दात मोजायचे, बाहेरचा व्यास घ्यायचा, त्यावरून कटर ठरवायचा आणि मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) सारख्या भागांत फिरवणारं साधन, चढवायचं. त्याच्या हँडलचे 40 फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. 24 दात असतील तर 40 भागिले 24, म्हणजे दर दाताला हँडलचा 1 पूर्ण फेरा आणि वर 18 भोकांच्या वर्तुळावर 12 भोकं. हे गणित पोरगं झोपेतून उठवलं तरी सांगतं. पण पिन ज्या भोकात बसली आहे ते सोडून पुढची 12 मोजायची, हे त्याला कुणी करून दाखवलेलं नसतं. ते भोक धरून मोजलं की प्रत्येक दात थोडा अलीकडे पडत जातो, शेवटचा भलताच जाड राहतो आणि जॉब भंगारात. हँडल पुढं गेला तर तेवढाच मागं आणून चालत नाही, जास्त मागं घेऊन परत पुढं यायचं, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे गिअरमधली ढिलाई, राहतो. हे वहीत लिहून येत नाही हो.

पोरांना विचारलं तर उत्तर एकच: माल मोजका, कटर बोथट, एका मशीनभोवती सगळी बॅच. नवीन सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. फीत कापून झाली की एकदा स्टोअरचं रजिस्टर मागवा आणि वर्षात किती किलो एमएस (साधं पोलाद) खर्ची पडलं ते बघा, ही विनंती. मशीनला निधी मिळतो. इन्सर्ट (कटरची बदलती पाती), कटर, कापायचे लोखंडी बार यांना मात्र हात आखडतो.

पुढं अप्रेंटिसशिप. मोठ्या कारखान्यात गेलेलं पोरगं बहुतेक वेळा सीएनसीपुढं उभं राहतं. जॉब चढव, सायकल स्टार्ट दाब, गेज लाव, उतरव. ऑफसेटला, म्हणजे हत्याराच्या मापाच्या आकड्यांना, हात लावायचा नाही, ते मशीन जुळवून देणाऱ्या सेटरचं काम. मुदत संपली की सर्टिफिकेट हातात आणि पोरगं ऑपरेटरचं ऑपरेटरच. पगारातला खरा फरक ऑपरेटर आणि सेटरमध्ये असतो, हे आपल्या विभागाला मी काय सांगावं. मग हुतात्मा एक्स्प्रेस धरून पोरं पुण्याला, चाकण-भोसरीला जातात आणि तिथंही बटणच दाबतात.

कायद्यानं 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसांवाल्यांना ते ऐच्छिक. आमच्यासारखी वर्कशॉपं या दुसऱ्या गटात. शिकायला मिळतं ते आमच्याकडेच, कारण इथं रोज वेगळा जॉब येतो. पण पोर्टल, करार, नोंदी सांभाळायला आमच्याकडे कारकून कुठला? मालकच लेथवर उभा असतो. ही कागदपत्रं आयटीआयनं करून दिली, तर एमआयडीसीतल्या बऱ्याच गाळ्यांत एकेक पोरगं शिकायला उभं राहील.

आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतः मशीन किती तास चालवलं याची वही ठेवा, त्यावर त्याची स्वतःची सही घ्या. हजेरीपत्रकावरून ते कळत नाही.

शहरात निवृत्त मशिनिस्ट पुष्कळ आहेत. काहींकडे सर्टिफिकेट नाही, म्हणून निदेशक, म्हणजे आयटीआयतले शिक्षक, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या ओळखीतले दोघे-तिघे आठवड्यातून एक दुपार मानधन न घेता शिकवायला तयार आहेत. परवानगीचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक वर्कशॉपवाला, सोलापूर