दिवाडीच्या गुरुजींना, अप्पांच्या वतीने

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. मी ते वहीत टिपून घेऊ लागले तेव्हा तुम्ही हात आडवा केलात आणि म्हणालात, "गुरुजी एवढं पुरे." तुमचा शब्द पाळते आहे. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जानेवारीतली ती सकाळ. आम्ही मिरजेहून आलो होतो. मुलांना समुद्र हवा होता, तो दोन दिवस मनसोक्त झाला. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मात्र एकच मागणं होतं, गोव्यातल्या डिचोलीकडच्या नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ. उभा जन्म त्यांनी गडकोट पायाखाली घातले. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे साथ देत नाहीत आणि ऐकूही फार कमी येतं. महाराजांच्या आज्ञेने बांधलेलं आणि चढ न चढता पाहता येईल असं एक ठिकाण म्हणून त्यांनी ते वर्षभर मनात धरलं होतं. ठरवलेल्या गाडीवाल्याने ऐन वेळी फेरीबोटीत गाडी चढवायला नकार दिला आणि आम्हाला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरवून तो निघून गेला. मला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्ही बाजाराची पिशवी घेऊन तिथे उभे होतात. "नार्व्याला ना? मग दिवाडी बेटावरूनच चला, देव त्याच वाटेने गेला," असं म्हणालात आणि तिथूनच भाच्याला व्हॅन घेऊन यायला फोन केलात.

फेरीच्या इंजिनाच्या आवाजात अप्पांना काहीच कळेना. आपल्याला कळत नाही हे लोकांना दिसू नये म्हणून ते नुसती मान हलवत राहतात. आम्ही घरचे लोकसुद्धा, खरं सांगते, अशा वेळी त्यांना सोडून आपापसात बोलत बसतो. तुम्ही दोन मिनिटांत ते ओळखलंत. खिशातली छोटी डायरी काढलीत आणि फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलंत, "कदंब राजांचा देव. त्यांच्या नाण्यांवर याचं नाव." अप्पांनी वाचलं, तुमच्याकडे पाहिलं आणि पेन मागून खाली लिहिलं, "पुढे?"

पुढचे चार तास तुम्ही लिहीत होतात. दिवाडीवरच्या पियेदादच्या टेकडीवर चर्चसमोर व्हॅन थांबली, तेव्हा खाली मांडवी, पलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे आणि मधे खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेतं, दिसत होती. तुम्ही लिहिलंत, "१५१०, अल्बुकर्क. आदिलशाहीकडून गोवा घेतला." शेजारच्या दफनभूमीतलं छोटं चॅपेल हा जुन्या देवळाचा उरलेला भाग मानतात, हेही तुम्हीच दाखवलंत. तिथे तुम्ही चपला काढून हात जोडलेत. फाटकापाशी एका बाईंनी अप्पांना पाण्याचा तांब्या दिला आणि तुमच्याशी कोकणीत घरचं बोलत राहिल्या. वाटेत मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार, दाखवलंत. भरतीचं खारं पाणी दार आपोआप लोटून बंद करतं आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी तेच दार उघडून बाहेर पडतं, हे लिहून सांगायला तुम्हाला पूर्ण पान लागलं, चित्रासकट. अप्पा ते चित्र अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरच्याच नारोव्याला होतं. तिथे आता झाडोऱ्यात कोटितीर्थाची तळी, जांभ्याच्या पायऱ्या आणि भिंतीतले कोनाडे एवढंच. तिथे फारसं कोणी थांबत नसणार. तुम्ही अप्पांना पायरीवर बसवलंत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, लिंग विहिरीवर पाणी शेंदायला वापरलं असं सांगतात, आणि मग लोकांनी ते रातोरात नदीपार नेलं. मला वाटायचं, नदीपार म्हणजे नुसतं दूर. तुम्ही काठावर नेऊन पलीकडे बोट दाखवलंत आणि लिहिलंत, "ही सरहद्द. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांची नव्हती." एवढ्याशा पाण्याने देव वाचला, हे त्या काठावर उभं राहिल्याशिवाय मला कधी कळलं नसतं. त्या पानावर अप्पांनी काही लिहिलं नाही. नुसते पाण्याकडे बघत बसले.

नार्व्याच्या फेरीला सुकती होती. रॅम्प उभा उतरलेला, त्यावर शेवाळ. आम्ही अप्पांना दोन्ही दंडांना धरून उतरवायला निघालो, तेव्हा तुम्ही थांबवलंत. फेरीवाल्याकडून बारदान मागून घेतलंत, रॅम्पवर अंथरलंत, स्वतः उलटे पुढे झालात आणि "सावकास, सावकास" म्हणत त्यांना एकेक पाऊल टाकू दिलंत. त्यांचा हात धरला नाहीत, फक्त आपला पुढे ठेवलात. अप्पा आपल्या पायांनी चढले. घरी आल्यावर त्यांनी आईला सगळ्यात आधी हेच सांगितलं.

आणि देवळात दारावरचा तो लेख. अप्पांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते फार मोठ्याने बोलतात. मान वर करून त्यांनी एकेक अक्षर लावत खणखणीत वाचायला सुरुवात केली. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, श्री शिवराजांची आज्ञा. दर्शनाला आलेले लोक वळून पाहू लागले. मी लाजून त्यांच्या खांद्याला हात लावणार, तोच तुम्ही मला खुणेने थांबवलंत आणि शेजारच्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलंत. अप्पांचं वाचून होईपर्यंत अख्खा सभामंडप शांत होता. मग तुम्ही डायरीत लिहिलंत, "इंग्रजी नोव्हेंबर १६६८." आणि खाली, "बरोबर वाचलंत." गुरुजी, तुम्ही किती मुलांच्या वहीत असा शेरा दिला असेल कोण जाणे. माझ्या वडिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, भाच्यालाही पेट्रोलपुरतेच घेऊ दिलेत. डायरीतली ती अकरा पानं फाडून अप्पांच्या हातात दिलीत. ती आता त्यांच्या पंचांगात आहेत, आणि मी त्या दिवसापासून घरात एक पाटी आणि खडूचा डबा ठेवला आहे. जेवताना काय चाललंय ते आम्ही आता त्यांना लिहून सांगतो. नातू सगळ्यात जास्त लिहितो.

अप्पांनी दिनदर्शिकेवर कार्तिक वद्य पंचमीला लाल खूण केली आहे. या वर्षी त्या दिवशी नार्व्याला येणारच म्हणतात, आणि तेही दिवाडीवरूनच. त्या दिवशी भरती किती वाजता असेल, तेवढं भाच्याकरवी कळवा. बारदान आम्ही मिरजेहून घेऊन येतो.

आपली नम्र,
अप्पांची थोरली