रंगाचं पातेलं परत गॅसवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लोकर रंगवून विकण्याची कृती छापून आली आहे. स्वयंपाकघरातलं कुठलंही पातेलं घ्या, हळद किंवा बीट उकळा, चमचाभर व्हिनेगर घाला, लोकर बुडवा, गार पाण्यात खळबळून वाळत टाका आणि ऐंशी रुपयांचा गुंडा आठशेला विका. भांडवल नाही, जोखीम नाही. शिवडीला, गिरणी कामगारांच्या सोडतीत लागलेल्या २२५ चौरस फुटांच्या घरात मी अकरा वर्षं हाच धंदा करते आहे. माझ्या ओळखीतल्या तिघींनी ते कात्रण मला पाठवून 'करू का?' असं विचारलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

बिटाचं आधी सांगते. उकळताना पातेलं लालभडक दिसतं, लोकर मात्र मातकट गुलाबी निघते आणि दोन धुण्यांत तीही जाते. हळद चटकन चढते, हे खरं. पण खिडकीतल्या उन्हात महिनाभर ठेवून बघा, कशी विटते ते. शिवाय साबण लागला की पिवळ्यावर लाल डाग. हळदीला चुना लागल्यावर काय होतं, हे कुंकू लावणाऱ्या घरांत सांगायला नको. साबणातला खारही तेच करतो. झाडपाल्याचेच रंग हवे असतील तर मंजिष्ठा घ्यावी, डाळिंबाची साल घ्यावी, आणि आधी लोकर तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवावी. शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला मी पंधरा ग्रॅम तुरटी घेते. ती नसेल तर रंगाला धरायला फारसं काही उरत नाही. हिराकसने, म्हणजे लोखंडाच्या क्षाराने, रंग काळवंडून छान गंभीर होतो, पण हात सैल सुटला तर लोकर ठिसूळ होते. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, वाटेला जाऊ नये, ते विष आहे.

मी स्वतः लोकरीला बहुतेक ॲसिड डाय वापरते, म्हणजे आंबट पाण्यात चढणारी तयार रंगाची पूड. नावाला घाबरू नका, ॲसिड म्हणजे इथे सायट्रिक ॲसिड, दुकानदार ज्याला लिंबूफूल म्हणतो ते. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. वाफ धरली की आच बारीक करायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हळूहळू सगळा रंग लोकरीत शिरतो आणि पातेल्यातलं पाणी नितळ होतं. अकरा वर्षांनंतरही त्या क्षणी मी झाकण उघडून बघत उभी राहते. तेच पाणी पुढच्या घाण्याला चालतं, म्हणजे मोरीतून रंगाचे ओहोळ जात नाहीत आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी बोलत नाहीत.

आता ते 'गार पाण्यात खळबळून'. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी लोकर कधी रंगवली नसावी. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम लोकर एकदम गार नळाखाली धरून चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे घट्ट जमलेला गठ्ठा, होतो. तो कुणाच्या बापाला सुटत नाही. लडी पातेल्यातच निवू द्यायची, रात्रभर लागली तरी. माझ्या पहिल्या चार लड्या अशाच गेल्या. त्यातली एक अजून शिलाई मशीनच्या पायाखाली आहे.

पण मला खरं बोलायचंय ते पातेल्याबद्दल. माझे बाबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या रंगखात्यात होते. घरी आल्यावर आधी मोरीत बसून कोपरापर्यंत हात घासायचे, मग घरात पाऊल. तरी नखं निळीच. त्या हातांनी त्यांनी आम्हाला कधी घास भरवला नाही, आणि रंगखात्यातलं साधं फडकंसुद्धा घरी आणलं नाही. आपल्या पुरवणीने मात्र सांगितलं की रंगवून झालं की पातेलं घासून ठेवा. रंगाचं पातेलं, चमचा, गाळणं, वजनकाटा, सगळं वेगळं हवं, आणि एकदा रंगाला लागलेलं भांडं पुन्हा अन्नाला नको. रंगाची पूड मोजताना पंखा बंद, तोंडाला मास्क, खाली ओला कपडा. सुताला जे रिॲक्टिव्ह रंग लागतात त्यांची पूड श्वासातून जात राहिली तर दमा जडू शकतो. हे मुलं झोपलेल्या खोलीत करायचं काम नव्हे. आमची खोली एकच आहे, म्हणून मी मुलगा कॉलेजला गेल्यावरच डबा उघडते.

जोखीम नाही म्हणता? दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पाणी कमी येत होतं, म्हणून लाल सुताच्या लड्या मी पाच पाण्यांऐवजी दोन पाण्यांत उरकल्या. सुतावरचा रंग सोड्याच्या पाण्यात धाग्याशी जोडला जातो, पण त्यातला थोडा पाण्याशीच जोडला जाऊन धाग्यावर नुसता बसून राहतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने काढावाच लागतो. परळच्या एका आजींनी ते सूत पांढऱ्या बाळंतविड्याच्या किनारीला घेतलं. बारशाआधी धुतला तर टोपडं, झबलं, मोजे, सगळं गुलाबी. आजी भांडल्या नाहीत. पिशवी माझ्यापुढे उघडून ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, मुलगीच झालीय, चालून जाईल." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पैसे परत केले, नवीन लड्या दिल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक घाण्यातला एक धागा ओल्या पांढऱ्या रुमालात रात्रभर गुंडाळून ठेवते. सकाळी रुमाल पांढरा, तरच लडी विकायला.

आठशे रुपयांचा हिशेबही एकदा बघू. माझी शंभर ग्रॅमची, चारशे मीटरची मेरिनोची, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची, लडी बाराशेला जाते आणि 'एवढ्याशा दोऱ्याचे बाराशे?' हे मी रोज ऐकते. त्यातले साडेसातशे नुसत्या पांढऱ्या लोकरीचे. उरलेल्यात रंग, गॅस, टपाल आणि मी. एका पातेल्यात चार लड्या मावतात. पुढच्या चार हुबेहूब तशा होत नाहीत, गिरणीसारखा लॉट नंबर माझ्याकडे नाही. म्हणून स्वेटरला लागतील तेवढ्या एकदमच घ्या आणि दोन गुंडे आलटूनपालटून दोन-दोन ओळी विणा, असं प्रत्येकीला सांगते. निम्म्या ऐकत नाहीत, मग पाठीवर पट्टा उमटला की फोन येतो. जुलैत लडी वाळायला तीन-तीन दिवस लागतात, आणि लोकर एवढी लबाड की आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. पावसाळ्यात मी वजनावर विकतच नाही, मीटरवर विकते.

बायकांनी हा धंदा करू नये असं मी म्हणत नाही. त्या तिघींपैकी एकीला मी पुढच्या बुधवारी घरी बोलावलंय. पण तिला येताना घरचं पातेलं आणू नको, जुन्या बाजारातून स्टीलचं एक घेऊन ये, असं सांगितलंय. आमच्याकडे रंगाच्या भांड्यांच्या कानांना लाल सुतळी बांधलेली असते. सासूबाईंनी एकदा त्यातल्या एकात दूध ओतलं होतं, तेव्हापासून. येत्या रविवारी त्याच सदरात भांड्यांबद्दलची एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. बिटाचं राहू द्या, ते दोन धुण्यांत ज्याचं त्याला कळेल.

आपली,
एक वाचक, शिवडी, मुंबई
(नाव छापू नये.)