हरेल त्यानं टेबल भरायचं, हे बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर गावोगावच्या नाईट क्रिकेटपासून कबड्डीपर्यंत सगळं येतं, त्याबद्दल तक्रार नाही, मी पण तेच आधी उघडून वाचतो. पण एका खेळाबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. पूल. टेबलावर स्टिकनं बॉल कडेच्या भोकात, म्हणजे पॉकेटात, घालायचा तो पूल. आमच्या आईला मी पूल खेळायला जातो म्हटलं की ती अजून विचारते, कुठला पूल, बहादूरशेख नाक्याचा का?

मी चिपळूणचा, लोट्याला शिफ्ट ड्युटी करतो, वय 43, बारा-तेरा वर्षं खेळतोय. खेळ म्हणाल तर मध्यम. तीन-चार बॉल सलग जातात आणि पाचव्याला बॉलसोबत व्हाइट, म्हणजे ज्यानं बाकीचे मारायचे तो पांढरा बॉल, तो पण पॉकेटात जातो.

आमच्याकडे पूल पार्लरमध्ये एक जुना नियम आहे, कोणी लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. हरेल त्यानं टेबल भरायचं, म्हणजे टेबलाचं भाडं द्यायचं. ऐकायला मर्दानी वाटतं पण होतं काय बघा, नवीन पोरगा येतो, स्टिक कशी धरायची ते पण धड माहीत नसतं, समोर रोजचा खेळणारा, पोरगा चार फ्रेम, म्हणजे चार डाव, हरतो आणि चारही फ्रेमचे पैसे देतो. तीन वेळा येतो, चौथ्यांदा दिसत नाही. आणि मग मालक म्हणतो धंदा नाय, टेबल विकून टाकतो. अरे बाबा, येणाऱ्या प्रत्येकाला तुम्हीच पळवून लावताय! वर लोक म्हणतात पार्लर म्हणजे जुगार. हरणाऱ्याकडून पैसे घेतल्यावर दुसरं काय म्हणणार?

दुसरा प्रकार ओपन टुर्नामेंटचा. मागच्या दिवाळीत जवळच्याच एका गावात गेलो होतो, नाव नको. एंट्री 700 रुपये, 32 जण, नॉकआउट. सकाळची एसटी पकडून गेलो, अडीच तास बसलो, आणि वीस मिनिटांत 3-0 हरून बाहेर. माझ्यासारखे सोळा जण पहिल्याच राउंडला घरी, म्हणजे अर्धी गर्दी जेवायच्या आत संपली. शेवटचे चारही मुंबईकडचे. त्यांची चूक काय, ती पोरं चांगलीच खेळतात, पण 32 गुणिले 700 म्हणजे 22,400 रुपये जमले ते आमच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी वर्गणी काढल्यासारखंच झालं.

मग यावर उपाय काय, तर टीम लीग, आणि ती पण हँडिकॅपवाली, म्हणजे कच्च्या खेळाडूला सवलत देणारी. ही माझी आयडिया नाही. अमेरिकेत टेरी बेल आणि लॅरी हबार्ट हे दोघे स्वतः प्रोफेशनल खेळाडू, त्यांनी 1979 साली हौशी लोकांसाठी लीग काढली, तीच आजची अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन, एपीए. आज अडीच लाखांच्या आसपास मेंबर आहेत, बहुतेक सगळे नोकरीधंदा सांभाळून आठवड्यातून एक रात्र खेळणारे.

त्यांची पद्धत अशी. एट बॉलमध्ये, म्हणजे आपले सात बॉल घालून शेवटी आठ नंबरचा ब्लॅक घालायचा त्या खेळात, प्रत्येकाला 2 ते 7 लेव्हल. सात लेव्हलवाला दोन लेव्हलवाल्याशी खेळला तर सातवाल्याला 7 फ्रेम जिंकाव्या लागतात, दोनवाल्याला फक्त 2. टीममध्ये आठ जण ठेवता येतात, रात्री पाच जण खेळतात, आणि त्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज 23 च्या वर जाता कामा नये. झाला की नाही बंदोबस्त! पाच सातवाले घेतले तर 35 होतात, चालत नाही. दोन सातवाले घेतले तर उरलेल्या तिघांना मिळून 9 च राहतात, म्हणजे शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि घेतले की त्यांना शिकवावं पण लागतं. आपल्याकडच्या टेनिस क्रिकेटच्या ऑक्शनमध्ये प्रत्येक मालकाला ठराविक पॉइंट देतात ना, सगळे भारी प्लेअर एकाच्या घरात जाऊ नयेत म्हणून, तसंच हे. तिथे कोणी अन्याय अन्याय म्हणून ओरडत नाही, पूलमध्ये केलं की मात्र लगेच भीक दिली म्हणतात.

आठ जणांची टीम हे तर आमच्यासाठीच केल्यासारखं आहे. कोणाची सेकंड शिफ्ट, कोणी एसटीत ड्रायव्हर, कोणाच्या घरी पालखी, पाच जण कसे पण जमतात.

यंदा आम्ही दोन पार्लरमालकांच्या मागे लागून चार टीमची छोटी लीग केली. दर मंगळवारी दोन मॅच, सगळ्यांशी दोनदा, सहा मंगळवारात संपली. टेबलाचे पैसे दहा जणांत सारखे, हरो वा जिंको. बास, एवढ्या एका गोष्टीनं तीन बायका आणि दोन कॉलेजची पोरं टीममध्ये आली जी आधी दारातून आत यायला तयार नव्हती.

शेवटच्या मंगळवारची मॅच सांगतो. आमचे पाच म्हणजे 7, 6, 5, 3, 2, बरोबर 23. 2-2 झालेलं आणि समोरच्यांनी त्यांचा सातवाला शेवटी राखून ठेवलेला. आमच्याकडे उरल्या स्टेशनरीच्या दुकानात बसणाऱ्या आमच्या ताई, लेव्हल 2. तो 5-1 पुढे. सातव्या फ्रेमला त्यानं सेफ्टी, म्हणजे समोरच्याला शॉट मिळू नये असा बचावाचा फटका, मारायला जाऊन फाउल केला, ताईंना व्हाइट हवा तिथे ठेवायला हातात मिळाला, त्यांनी त्यांचे उरलेले दोन स्ट्राइप, म्हणजे पट्टेवाले बॉल, घातले आणि ब्लॅक राहिला मधल्या पॉकेटच्या तोंडाशी. ताई स्टिक अशी मागे ओढतायत की आता भिंतच फुटते. टाइमआउट घेतला. एपीएत तीन लेव्हलपर्यंतच्या खेळाडूला एका फ्रेममध्ये दोन टाइमआउट मिळतात, वरच्यांना एक, तो नियम आम्ही जशाचा तसा घेतलाय. आमचा कॅप्टन कणकवलीचा, तो टेबलावर वाकून कानात सांगतोय, "गो बाय, जोरात कित्याक मारतस? ब्लॅक खय पळान जाता? हळू ढकल." ताईंनी ढकलला. ब्लॅक गेला आणि व्हाइट निघाला कोपऱ्याकडे, आता ब्लॅकबरोबर व्हाइट पडला की फ्रेम गेली, आम्ही सगळे उभे, आणि तो पॉकेटच्या ओठावर येऊन थांबला. 5-2, आणि ताईंना दोनच हव्या होत्या. टीम 3-2 नं जिंकली. सातवाला म्हणतो कापड कोरडं असतं तर व्हाइट पडलाच असता.

त्याचं खोटं नाही. जुलैत आमच्याकडे कापड इतकं दमट होतं की बॉल चिखलातून गेल्यासारखा जातो आणि उन्हाळ्याच्या अंदाजानं मारलेला फटका अर्ध्यात थांबतो. आणि हे तर काहीच नाही, 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या पार्लरची दोन टेबलं पाण्याखाली गेली, कापड, लाकूड, रबर सगळं गेलं, खालची दगडी स्लेट तेवढी वाचली. मालकानं त्याच स्लेटवर परत टेबल उभं केलं, आम्ही आजही त्यावरच खेळतो.

हँडिकॅपमध्ये खोट नाही असं मी म्हणत नाही. लेव्हल खाली राहावी म्हणून मुद्दाम चुकणारे असतातच, आमच्याकडे पण एक निघाला. म्हणून तर एपीएच्या स्कोअरशीटवर नुसती हारजीत लिहीत नाहीत, किती टर्न लागल्या आणि त्यातले किती शॉट सेफ्टी होते ते पण लिहितात. त्यामुळे मुद्दाम चुकणारा कागदावर सापडतो, निदान संशय तरी येतो. हे लिहायला एक माणूस टेबलाशेजारी बसावा लागतो आणि ते काम कोणाला नको असतं, सगळ्यांना खेळायचं असतं. आमच्याकडे ते काम जिचा नंबर लागायचा असतो ती कॉलेजची पोरगी करते आणि तिच्याइतका गेम आता आमच्यात कोणाला कळत नाही.

टीमचा खेळ म्हणजे हौशींचाच असंही नाही. युरोप विरुद्ध अमेरिका मोस्कोनी कप 1994 पासून चाललाय, नाइन बॉल हा पूलचाच प्रकार, एरवी एकेकटे खेळणारे जगातले भारी खेळाडू तिथे बाकावरून आपल्याच टीमसाठी घसा फोडून ओरडतात. आणि हा परदेशी खेळ, आपला नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की 1958 ला बिलियर्डसचा जागतिक हौशी विजेता झालेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. दोघं बिलियर्ड्स-स्नूकरवाले, पण स्टिक, चॉक आणि टेबलावरचं डोकं तेच.

तर आता मागणी. खेड, चिपळूण, रत्नागिरी, महाड इथल्या पार्लरमालकांनी आठवड्यातला एक वार, शनिवार-रविवार नको, मंगळवार-बुधवार जेव्हा टेबलं रिकामीच असतात, तो लीगसाठी सोडावा. टेबलाचे पैसे सगळ्यांत वाटून घ्यावेत. लेव्हल सगळ्या गावांत एकच चालावी, नाहीतर इथला चार तिकडे दोन म्हणून उतरेल. तुम्ही फक्त दर गुरुवारी गुणतक्ता छापा, दोन इंच जागा पुरे, टाइप करून आम्ही बुधवारी दुपारपर्यंत पाठवतो. ताईंनी विचारलंय नाव छापून येणार का, कारण त्यांच्या मिस्टरांना अजून वाटतं की त्या मंगळवारी भिशीला जातात, तेव्हा त्यांचं तेवढं नाव विचारल्याशिवाय छापू नका.

आपला,
एक मध्यम खेळणारा, चिपळूण