भाऊसाहेबांची लघवी आणि तुझं पैलाडचं घर

अमळनेर,
जानेवारीची अखेर

दिल्या,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. कारण फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ठेवून दिला असतास, म्हणून कागदावर सांगतोय. कारण आहे बोका. हो, बोकाच. तुझे पारवे आठवून ज्या काय शिव्या द्यायच्या त्या आत्ताच देऊन घे आणि मग पुढं वाच. चाळीस वर्षांपूर्वी आजीच्या मांजरीनं खाल्लेल्या पारव्यांचा हिशोब या बोक्याकडून वसूल करू नकोस, त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी चालू आहे. मायच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आता तिला माळ्यावरची जळमटं दिसतात आणि हिचं डोकं उठतं. झालं तब्येतीचं.

तर भाऊसाहेब. नाव पोरीनं ठेवलंय. पुण्याहून टोपलीत घालून आणला आणि नोकरी बदलल्यावर आमच्याच गळ्यात ठेवून गेली. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघतो की विकास सोसायटीचं कर्ज मागायला आलोय असं वाटावं. वय चार, वजन साडेपाच किलो, खच्ची केलेला. हिवाळ्यात घराबाहेर पडत नाही, पाण्याच्या भांड्याकडे ढुंकून बघत नाही, दिवसभर कोरडे दाणे खातो आणि पडून राहतो.

डिसेंबरात साखरपुडा झाला, तुला फोटो पाठवलेच होते. त्याआधी घराला रंग काढला. त्याची रेतीची ट्रे बोळातून उचलून जिन्याखाली नेली. मग पाहुणे, त्यांची पोरं, शेपटी ओढणं, रात्रीपर्यंत भांड्यांचा आवाज. पाहुणे गेले आणि हा सारखा ट्रेत जाऊन बसायला लागला. बसायचा, पाठ वर काढून जोर करायचा, दोन थेंब पडायचे, की उठून चाटत बसायचा. पुन्हा आत. पुढं पुढं तर थेंबही नाही, नुसतं घोगरं ओरडणं. मायनं एरंडेल सुचवलं, कारण सगळ्यांच्या मते ते बद्धकोष्ठ होतं. शेजारच्या अण्णांनी पानफुटीची पानं आणि पॅरासिटामॉलची पाव गोळी चुरून आणली. पोरगी व्हिडिओ कॉलवर होती म्हणून बरं, तिनं किंचाळून थांबवलं. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, पाव गोळीसुद्धा. त्याच्या लिव्हरला ती पचवता येत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. अण्णा अजून रुसलेत. म्हणतात, आम्ही काय मारायला आणली होती?

संध्याकाळी त्याला उलटी झाली आणि मग तो गप्प झाला. गोणपाटावर आडवा पडला, ओरडणं बंद, ट्रेकडे जाणं बंद. ही म्हणाली, "बघा, उतार पडला. झोपलाय."

दिल्या, माझ्या पोटात गोळा आला. बाकी कोणाला सांगून कळणार नाही, तुला कळेल. तुझे आबा गोठ्यात हौश्या बैलापाशी कंदील वर करून हेच म्हणाले होते, "शांत झाला रे पोरगा, जा झोपा आता." आणि आपण दोघं खरंच जाऊन झोपलो. सकाळी हौश्या गेलेला.

मी सुभ्याला फोन केला. (तुझे चारशे रुपये त्यानं दिले नाहीत हे मला ठाऊक आहे. पण गाडी त्याच्याकडेच आहे.) रात्री धरणगावच्या रस्त्यानं जळगावला निघालो. थंडी अशी की काच खाली घेववत नव्हती. आणि सुभ्या सबंध रस्ता मला पटवत होता की मांजराला नऊ जन्म असतात. पाळधीला चहा घेऊ म्हणाला. मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

डॉक्टर पोरगा आपल्या नातवंडांच्या वयाचा नसला तरी लेकरांच्या वयाचा आहे, चोपड्याकडचा, घरी गुरंढोरं असलेला. त्यानं पोटाला हात लावला आणि लगेच तोंड उतरलं. मूत्राशय टणक, दाबलं तरी थेंब येत नाही. रक्त तपासलं, पोटॅशियम आठाच्या वर. साडेपाचच्या आत असावं लागतं म्हणे. पोटॅशियम म्हणजे तेच रे, पोटॅश, रावेर-यावलकडे केळीच्या बागांना पोत्यांनी घालतात ते. शरीरातलं जादा पोटॅशियम लघवीवाटे जातं. वाट बंद झाली की ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके मंद पडत जातात. तो झोपला नव्हता, हृदय थकत चाललं होतं. दिवसभर अडकलेला बोका दुसऱ्या दिवशीपर्यंत काढेलच असं नसतं, असं डॉक्टर म्हणाला. आधी हृदयासाठी कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन, मग गुंगी देऊन बारीक नळी घातली. नळीतून बाहेर आलं ते आधी लाल पाणी आणि त्यात बारीक रेती. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे स्फटिक आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट स्राव. बोक्याची नळी टोकाला इतकी अरुंद असते की एवढंसं पुरतं. मांजरीची रुंद असते, तिला हा त्रास क्वचितच होतो.

मी त्याला हौश्याचं सांगितलं. तो म्हणाला, काका, बैलाचंही असंच असतं. गाईला सहसा नाही होत. बैलाची नळी आत दोनदा वळते, एस अक्षरासारखी, तिथं खडा अडकतो, आणि लहानपणी ठेचून खच्ची केलेल्या बैलात ती आणखी बारीक राहते. मूत्राशय फुटलं की कळा थांबतात. जनावर शांत होतं, कधीकधी वैरणीला तोंडसुद्धा लावतं, आणि लोकांना वाटतं सुटला. म्हणजे आबांचं काही चुकलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी तेच झालं असतं, तालुक्याचा डॉक्टर सकाळच्या एसटीशिवाय येणार नव्हता. तू पोळ्याला बैल सजवणं का सोडलंस ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त हे तुला कळवायचं होतं.

नळी टाके घालून तशीच ठेवली होती, गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. वाट मोकळी झाल्यावर लघवी धो धो होते, जेवढी जाईल तेवढं सलाईन मागून भरत राहावं लागतं, नाहीतर अंगातलं पाणी संपतं. म्हणून दवाखान्यातच. नळी काढल्यावर स्वतःहून होते का ते बघून मग घरी सोडला. ज्या क्षणी झाली त्या क्षणी मी दवाखान्याच्या दारातून हिला फोनवर ओरडून सांगितलं, "भाऊसाहेबांना झाली!" बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्यानं उठून माझं अभिनंदन केलं. मुलगा की मुलगी, असंही विचारलं.

गावातल्या मेडिकलवर वेगळाच तमाशा. मूत्रमार्ग सैल राहावा म्हणून दिलेली गोळी मुळात माणसांच्या बीपीची. चिठ्ठी बघून मेडिकलवाला म्हणाला, पेशंटचं नाव? मी म्हटलं, भाऊसाहेब. वय? चार. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

आता खरी गोष्ट सांगतो. झोप लागत नाही. हे पुन्हा होऊ शकतं, आणि होतं ते बहुतेक पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत. रात्री रेती खरवडल्याचा आवाज आला की मी उठतो, बॅटरी धरून उभा राहतो. किती वेळ बसला, धार आली की थेंब, लाल की पिवळं. नदीची रेती टाकून आता ढेकूळ धरणारी विकतची माती आणलीय, म्हणजे ढेकळावरून अंदाज येतो. त्याची नोंद मी दुधाच्या कॅलेंडरवर करतो, सकाळी आवळा, रात्री लिंबू, अशी. परवा दूधवाला महिन्याचा हिशोब करायला बसला आणि म्हणाला, सर, लोणचं घालताय का?

पाणी पाजणं हा दुसरा उद्योग. कोरडे दाणे बंद, खडे विरघळवणारं खास ओलं खाणं चालू, त्यात वरून कोमट पाणी. ते खाणं सोन्याच्या भावानं मिळतं. शिजवलेल्या कोंबडीचं पाणी, त्यात मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. कांदा मांजराला बाधतो. खानदेशात कांदा-लसणावाचून कोंबडी शिजवायची म्हणजे हिच्या माहेरचा अपमान. घरभर वाट्या ठेवल्यात, मायचा पाय रोज एकीत पडतो. मांजरांना वाहतं पाणी आवडतं, असं डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, बाबा, आम्हालाही आवडतं, पण आमच्या नळाला चार-चार दिवस नाही. शेवटी माठाची तोटी थेंब थेंब सोडून ठेवली. तिथं मात्र पितो.

"इतक्या पैशात दोन बोकड आले असते," हे तू म्हणणार. सुभ्या म्हणून झालाय, व्याही सूचकपणे हसून झालेत. मायनं मात्र पैशाचा शब्द काढला नाही. सकाळी उठल्या उठल्या विचारते, "व्हयनी का रे त्यानी?" मग देवाला दिवा.

पुन्हा तुंबलं तर परत नळी. आणि सारखंच व्हायला लागलं तर ऑपरेशन, पुढचा अरुंद भाग काढून टाकून वाट रुंद करायची. त्यासाठी नाशिक नाहीतर पुणे गाठावं लागेल. तिथवर जायचं नाहीये मला. डॉक्टरनं निघताना जे सांगितलं ते डोक्यात बसलंय. स्फटिक असोत नसोत, मांजराला घरातल्या उलथापालथीनं मूत्राशयाला सूज येते. जागा बदलू नका, ट्रे हलवू नका, अनोळखी माणसांची गर्दी नको. आणि वैशाखात आमच्याकडे लग्न आहे! सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस, बोरीच्या पात्रात दुकानं, गावात उतरायला खोली नाही, आणि हिचं अख्खं माहेर आमच्या तीन खोल्यांत. ऊन, मांडव, बँड. त्याला दुसरीकडे हलवावं तर तीच उलथापालथ.

म्हणून विचारतो. पैलाडचं, नदीपलीकडचं तुझं घर दे. बोक्यासाठी नाही, दचकू नकोस. पाहुण्यांसाठी. बोका आपल्या ट्रेपाशी राहील, हिचं माहेर तुझ्याकडे झोपेल. 2024च्या फेब्रुवारीत 97वं साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं तेव्हा तू घर उघडलं होतंस आणि ते कवी भिंतीवर पेन्सिलनं लिहून गेले म्हणून वर्षभर मला बोललास. हिच्या माहेरी कोणी कविता करत नाही. आबांची खोली कुलपात राहील. बाकी झाडलोट, रंगाचा हात, विजेचं बिल माझ्याकडे.

तुझ्या गुडघ्याचं काय? वहिनींची शुगर? नीलेशचं बदलीचं झालं का, की अजून वापीलाच? उधन्याच्या त्या फ्लॅटचं कळव. भरताच्या पार्टीला तू नव्हतास, वांगी बामणोदची होती, जळ आता.

हो म्हणायचं असेल तर नुसतं हो लिही. नाही म्हणायचं असेल तर फोन कर, नीट भांडू.

तुझा,
वश्या

ता. क. तुझ्या विहिरीची मोटर सुरू होताना नुसती हुंकारते. कपॅसिटर गेला असावा. बदलून घेऊ का, की पावसाळ्यापर्यंत राहू दे?