भादव्यात धान्य पोचायला हवं: सुधागडच्या कातकरी वाड्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर काम करणारा आमचा लहानसा गट आहे. त्यात दोन शिक्षक, दोन अंगणवाडी ताई, एक वकील, एक जीपवाले दादा आणि वाड्यांवरचीच सात-आठ तरुण मुलंमुली आहेत. लावण्या आटपत आल्या आहेत आणि मजूर जमवणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली वाड्यांवर दिसू लागल्या आहेत, म्हणून आज तुमच्यापुढे पदर पसरतो आहोत.

लावणी संपली की कापणीपर्यंत कातकऱ्याच्या हाताला काम नसतं. स्वतःची जमीन बहुतेकांकडे नाहीच. आषाढ-श्रावणात रानभाज्या, चिंबोऱ्या, ओढ्यातले मासे यांवर दिवस निघतात, भादव्यात तेही आटतं. नेमका तेव्हा मुकादम येतो. तो परका नसतो. गेल्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात जेवून गेलेला असतो, पोरांना नावानं हाक मारतो. ओसरीवर बसून नोटा मोजतो, जोडप्यामागे वीस-पंचवीस हजार. कुणाला दवाखान्याचं देणं फेडायचं असतं, कुणाला मुलीचं लग्न काढायचं असतं, कुणाच्या घरात फक्त तांदूळ संपलेला असतो. ही उचल. नोटा हातात पडल्या की कोळशाच्या भट्टीवर राबायची बोली पक्की. दिवाळी झाली की रात्री टेम्पो येतो आणि म्हातारी माणसं सोडून सगळी वाडी त्यात चढते. कोळशाची भट्टी मराठवाड्यात आहे, कर्नाटकात आहे की तेलंगणात, हे चढणाऱ्याला ठाऊकही नसतं.

हीच माणसांची तस्करी. काहींना हा शब्द फार मोठा वाटतो. 'पैसे तर त्यांनी घेतले, मर्जीनं गेले,' असं आम्हाला सुशिक्षित मंडळीही ऐकवतात. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (पूर्वीचं ३७०) वाचून बघा. पैशाचं आमिष दाखवून किंवा फसवून माणसाला शोषणासाठी नेलं, तर त्याच्या संमतीला कायदा किंमतच देत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज रद्दच केलं आहे, आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, मजुरावर नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं. कायद्यात सगळं आहे. वाडीवर ते कुणी वाचून दाखवलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक म्हणजे कातकरी, बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल सरकारचं झालं, खैर तोडणं गुन्हा ठरलं, आणि हे लोक दुसऱ्यासाठी कोळसा पाडू लागले. भट्टी म्हणजे लाकडं रचून, वर पाचोळा नि माती लिंपून आतल्या आत धुमसत ठेवलेला ढीग. रात्री कुठे माती फुटून वारा आत शिरला तर सगळ्याची राख होते. म्हणून नवरा-बायको आळीपाळीनं जागतात. राख झालीच तर ते नुकसान मजुराच्या खात्यावर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही असं एक कुटुंब परत आणलं. नवरा-बायको, तीन मुलं. धाकट्याच्या केसांत कोळशाची भुकटी इतकी बसली होती की शेवटी केस कापावे लागले. त्या बाईच्या कमरेला लुगड्याच्या काठाची लांब चिंधी गुंडाळलेली होती. लिहिता येत नाही म्हणून भरलेल्या प्रत्येक गोणीमागे तिनं एक गाठ मारली होती. मुकादमाच्या वहीत १४० गोण्या होत्या. कचेरीतल्या टेबलावर आमच्या ताईंनी चिंधी पसरली आणि बोटानं गाठी मोजल्या, त्या २३१ भरल्या. सात महिने राबून मुकादमाच्या हिशेबानं या कुटुंबाकडेच अकरा हजार रुपये निघत होते. बाई ताईंना म्हणाली, "हिशोब केला का बाकीच निघते. मंग करायचा कशाला?" ती चिंधी आम्ही जपून ठेवली आहे.

त्याआधी भट्टीजवळच्या एका पोलीस ठाण्यात आम्हाला चार तास बसवून ठेवलं होतं. पैशाचा व्यवहार आहे, आपसात मिटवा, एवढंच उत्तर. आमच्यातल्या कुणाला तिथली भाषा धड येत नव्हती. मुलं बाहेर जीपमध्ये उपाशी होती.

मुलींचं सांगताना जीभ अडखळते. पंधरा वर्षांची पोर भट्टीवर नेली की तिचं लग्न तिथेच उरकतात, कारण माळावरच्या पालात जाणती मुलगी ठेवायची आईबापांना भीती वाटते. ती भीती खोटी नसते.

मोखाडा तालुक्यात एका बापानं मुलाच्या कफनासाठी ५०० रुपये उसने घेतले. ते फेडायला त्याला राबवून घेतलं, २०२१ साली त्यानं जीव दिला, आणि वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला नेल्याचं उघड झालं, तेही त्यातल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीचा जीव गेल्यावर. उत्तरेकडे डहाणू-तलासरीच्या भागात १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर उभं राहून वारली आदिवासींनी वेठ आणि लग्नगड्याची चाल मोडली होती. लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर राबणारा तो लग्नगडी. आज आमच्या वाड्यांवर लग्नासाठी उचल घेतली जाते, तेव्हा तो शब्द आठवतो.

आता मागणं.

सगळ्यात आधी धान्य. एका घराला भादवा-आश्विन निभावायला तांदूळ ५० किलो, तूरडाळ ५ किलो, तेल ५ लिटर, मीठ-मसाला लागतो. हा खर्च चार हजारांच्या आतबाहेर जातो. रेशन ज्यांना मिळतं त्यांना आम्ही हे देत नाही. कार्ड हरवलेली, नावं गळालेली, अंगठा न उमटणारी घरं आम्ही दारोदार जाऊन लिहून काढली आहेत. घरात तांदूळ असला तर मुकादमाला 'थांब, विचार करून सांगतो' एवढं म्हणता येतं. गेल्या वर्षी काही घरांनी तसं म्हटलं आणि ती घरं गेली नाहीत.

दुसरं, वही. साधी शाळेची वही. कोण निघालं, कुणाबरोबर, मुकादमाचं नाव, टेम्पोचा नंबर, उचल किती, मुलं किती, हे सगळं वाडीवरची मुलं त्यात लिहून ठेवतात. दिसायला एवढीशी गोष्ट, पण वही असल्याचं कळल्यावर एका वाडीवर मुकादमानं टेम्पोच आणला नाही. या मुलांच्या फिरण्याला पेट्रोल लागतं, चालू स्थितीतले जुने मोबाईल लागतात.

तिसरं काम परत आणण्याचं आणि कोर्टाचं. सुटका झाली, वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र मिळालं, की सरकारकडून ३० हजारांपर्यंत तातडीची मदत मिळते. पुढे प्रकार बघून १, २ किंवा ३ लाखांचं पुनर्वसन असतं, पण ती रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. म्हणजे साक्षीला दूरच्या कोर्टात चार-पाच वेळा जावं लागतं, दर खेपेला मजुरी बुडते. साक्षीदार गेला नाही की खटला तिथेच संपतो. त्याच्या एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज आम्हाला द्यायचा आहे.

पैशाइतकीच माणसं हवीत. कानडी किंवा तेलुगू सफाईनं बोलणारं कुणी रात्री-अपरात्री एक फोन करायला तयार असेल, तर तो आधार फार मोठा आहे. फौजदारी काम करणारे वकील हवेत. आणि पाली-कर्जत-खालापूरकडे ज्यांची फार्महाऊस आहेत त्यांना हात जोडून विनंती, 'घरात हाताशी राहील' म्हणून वाडीवरची लहान मुलगी ठेवून घेऊ नका, कुणी ठेवली असेल तर १०९८ वर कळवा. मोठ्यांची अडवणूक दिसली तर ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

जुने कपडे कृपया पाठवू नका. ते निवडण्यात आमचे दिवस जातात.

देणगी धनादेशानं किंवा बँकेतून द्यावी. रोख दोन हजारांच्या वर घेत नाही. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेबाची वही पालीतल्या आमच्या कार्यालयात कुणालाही बघता येईल. धान्य थेट आणून दिलंत तर वाडीवर तुम्हालाही बरोबर नेऊ. वाटप गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं, तेव्हा त्याआधी आठ दिवस तरी ते आमच्याकडे पोचावं. चिखलामुळे जीप वरच्या वाड्यांपर्यंत जात नाही, पोती डोक्यावर न्यावी लागतात. त्यासाठीही दहा-बारा धडधाकट माणसं लागतील.

आपले,
गटातले सगळे कार्यकर्ते, सुधागड