दादाच्या फाइलचं दुसरं पान

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"आमच्या मागे दादाचं कसं होणार?" असं तुम्ही नेहमी विचारता. त्याच्याही आधी येणारी एक गोष्ट आज लिहिते. वाचून घाबरू नका, पण टाळूही नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. आत्महत्या हे एक कारण आहेच, पण बहुतेकांना नेतात ते हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे विकार. म्हणजे जे वेळेत सापडले तर आटोक्यात राहतात तेच. दादाला स्किझोफ्रेनिया आहे आणि आता साखरही. तो शांत आहे, झोपतोय, एवढ्यावर आपण निश्चिंत होतो. तेवढं पुरत नाही.

म्हणून क्लोझापिन, म्हणजे दादाची स्किझोफ्रेनियाची गोळी, बंद करायची, असं मुळीच नाही. फिनलंडमधल्या मोठ्या अभ्यासांत ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमीच दिसलंय. पण त्याच गोळीने भूक, वजन, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात. रात्री अकराला तो फ्रिज उघडतो तो हावरटपणा नाही, आई. पोट भरल्याची जाणीवच त्या गोळीने बोथट होते. रागावून उपयोग नाही. खारी-बिस्किटांचा डबा घरात आणूच नका, फ्रिजमध्ये चिरलेली काकडी आणि बिनसाखरेचं ताक समोर ठेवा. चहा दिवसातून दोनदाच, साखरेशिवाय.

महिन्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, दर वेळी त्याच काट्यावर वजन करा. पोटाचा घेर शिलाई मशीनच्या खणातल्या टेपने मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरची मर्यादा धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दर तीन महिन्यांनी, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) निदान वर्षातून एकदा. हे आकडे मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवायचे आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनाही. आज दोघं एकमेकांची चिठ्ठी पाहत नाहीत, आणि मधल्या फटीत दादा सापडतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, बद्धकोष्ठ. क्लोझापिनने आतडी मंदावतात, आणि त्यातून जीव जाऊ शकतो. दादा आपणहून सांगणार नाही, म्हणून कॅलेंडरवर रोज खूण करा. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र झाली असली तरी. बाबा, इसबगोल आपल्या मनाने देऊ नका. तो पाण्याने फुगतो आणि मंद आतड्यात अडकू शकतो. रेचक कोणतं, ते डॉक्टर ठरवतील.

ताप आला किंवा घसा दुखला तर नुसत्या क्रोसिनवर थांबू नका, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा. क्लोझापिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात, त्याची ती पहिली खूण असू शकते. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीवर दुकानातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणू नका, त्याने रक्तातलं क्लोझापिन एकदम चढतं. सिगारेटचंही तसंच. तिचा धूर हे औषध शरीरातून लवकर बाहेर काढतो. त्यामुळे ती अचानक सुटली, किंवा दवाखान्यात भरती झाल्याने बंद पडली, तर तोच डोस आठवड्याभरात जास्त होतो. सिगारेट सुटायला हवीच, पण डॉक्टरांना आधी सांगून. आणि क्लोझापिनच्या गोळ्या सलग ४८ तास चुकल्या तर पूर्ण डोस पुन्हा सुरू करायचा नाही. सुरुवात १२.५ मिलिग्रॅमपासून होते, तीही डॉक्टरांना विचारून.

छातीत दुखतंय म्हणून त्याला नेलंत की पहिलं वाक्य मनाच्या आजाराचं नको. तो शब्द ऐकल्यावर पुष्कळ ठिकाणी पुढचं सगळं 'टेन्शन' म्हणून बाजूला पडतं. आधी सांगा: "छाती केव्हापासून जड आहे, घाम किती आला, साखर किती आहे." ईसीजी लगेच काढायला सांगा. मग औषधांचा कागद द्या, काही लपवू नका. दादासारखी माणसं वेदना कमी बोलून दाखवतात, तेव्हा तो "काही नाही" म्हणाला तरी त्याच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे बघा. कोणी टाळाटाळ केली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं नाव घ्या. मानसिक आजार असलेल्यालाही शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने सगळे उपचार मिळाले पाहिजेत, असं त्यात लिहिलंय.

चालण्याबद्दल एवढंच, की "जा, फिरून ये" म्हटल्याने तो जाणार नाही. उत्साह आटणं हा आजाराचाच भाग आहे. बाबा, कोथरूडच्या त्या बागेत जायला रोज साडेसहाला तुम्ही चपला घालून दारात उभे राहा, तो निघेल. सुरुवातीला १० मिनिटं पुरेत.

औषधांची नावं, डोस, वेळा आणि दोन्ही डॉक्टरांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून सोबत पाठवते आहे. एक प्रत फ्रिजवर लावा, एक त्याच्या पाकिटात. मंगळवारी सकाळी साडेसातला लॅबचा माणूस रक्त न्यायला येईल. सोमवारी रात्री नऊनंतर दादाला पाण्याशिवाय काही खायला-प्यायला देऊ नका, आणि फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा त्या रात्री शेजारच्या काकूंकडे ठेवा.

तुमची लेक