दादा, त्याला चेक देऊ नकोस

दांडिया बाजार, बडोदे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, पतसंस्थेचा माणूस घरी येऊन गेला, 14 टक्के देतो म्हणाला. तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर आकडे राहून जातात, म्हणून लिहून पाठवतेय.

आमचं काय झालं ते तुला वरवर माहीत आहे. ह्यांचे 6 लाख इथल्या एका क्रेडिट सोसायटीत होते. दोन वर्षं व्याज अगदी वेळेवर आलं. मग एका सोमवारी शटर खाली. हे रोज दुपारी पासबुक घेऊन त्या बंद दारासमोर जाऊन उभे राहायचे. घडी घालून घालून पासबुक मधोमध फाटलं, ते मी सेलोटेपने चिकटवलं. इतक्या वर्षांत हाती आले 70 हजार. हे गेले तेव्हा ते पासबुक उशाखालीच होतं, दादा.

बँक बुडाली, अगदी सहकारी असली तरी, तर ठेव आणि व्याज मिळून माणशी 5 लाखांपर्यंत विम्याचे मिळतात. पतसंस्थेला हा विमा नाही. त्या माणसाने तुला हे सांगितलं का?

तुझे फंड आणि ग्रॅच्युइटीचे 26 लाख. त्यातले 20 पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाक. एप्रिल 2023 पासून मर्यादा 30 लाख झाली आहे आणि दर 8.2 टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण खातं उघडताना असेल तोच तुला पाच वर्षं मिळतो. 20 लाखांवर दर तीन महिन्यांनी 41,000 होतात. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. खातं वहिनीबरोबर जॉइंट काढ, म्हणजे उद्या काही झालं तरी तिला ते पुढे चालवता येईल.

मुख्य गोष्ट ही: तू 58 चा. साठीच्या आतल्याला हे खातं निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांतच काढता येतं. तुला पैसे मिळून सात आठवडे झाले. कारखान्यातून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला उद्याच माग, सही-शिक्क्याचा. तिथला क्लार्क 'पुढच्या आठवड्यात या' म्हणेल, तर तिथेच बसून राहा.

उरलेले 6 लाख दोन बँकांत तीन-तीन ठेव. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधीही निघेल, आणि पोस्टातले पैसे वर्षाच्या आत काढले तर दिलेलं व्याजही कापून घेतात.

41,000 सगळे खर्चू नका मात्र. भाजी महागेल, ते तेवढेच राहतील. महिन्याला 4,000 तरी आरडीत जाऊ देत.

माझं खातं बँक ऑफ बडोदात आहे, सयाजीराव महाराजांनी 1908 साली काढलेली. ही योजना बँकेतही मिळते. साताऱ्यात तुला पोस्ट जवळ पडेल. इथे मी तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात एंट्री करून घ्यायला जाते. मशीनचा आवाज होतो, आकडा उमटतो, आणि मी तो तिथेच उभी राहून दोनदा वाचते.

गुरुवारी फोन करते. तोवर तो माणूस आला तर माझं नाव सांग, बहीण नको म्हणते म्हणून. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
माई